नहीं मालूमची वही

लातुरात चिंच यायला लागली की मी गंजगोलाईच्या बाजाराकडून जाणं सोडतो. शाळेतून घरी यायला तोच जवळचा रस्ता. पण माघ सरला, गावोगावच्या गाड्या चिंचेची पोती घेऊन आडतीसमोर उभ्या राहिल्या, की मी मागच्या बोळांतून वळसा घालून घर गाठतो. चिंचेच्या वासानं माझं डोकं उठतं, असं मी बायकोला सांगून ठेवलंय. तिनं कधी उलटून विचारलं नाही. डोकं उठत नाही. एका आडतीच्या तराजूपाशी एक माणूस बसलेला असतो आणि मला त्याच्यासमोरून जायचं नसतं, एवढंच आहे ते.

मी कमी बोलतो. लोक तो माझा गुण समजतात. हेडमास्तर झालो त्या दिवशी सत्काराच्या भाषणात कोणी तरी म्हणालंसुद्धा, की सरांसारखा मितभाषी माणूस विरळा. मी मान खाली घालून हार घालून घेतला. न बोलण्यामागं काय काय दडवता येतं, ते त्या सभेत मला एकट्याला माहीत होतं.

चिंचेचा हंगाम आणि शाळा-तपासणीचा हंगाम एकच. हे आजचं नाही, निजामाच्या राज्यातही असंच होतं. पळस फुलून गेलेला, विहिरींचं पाणी खाली गेलेलं, दुपारी वाऱ्यानं चिंचा खडखडायला लागलेल्या, आणि कुठून तरी बातमी यायची की मोहतमिम साहेब मुआयन्याला निघालेत. मुआयना म्हणजे सरकारी तपासणी, आणि मोहतमिम म्हणजे ती घेणारे शाळाखात्याचे अधिकारी. जळकोटच्या बाजूला एका गावी एक मदरसा होता. आजूबाजूच्या खेड्यांतली चाळीसेक पोरं तिथं राहून शिकायची. त्या मदरशात मी दीड वर्ष मास्तर होतो. निजामाची शेवटची पाच-सहा वर्षं चालू होती, पण ती शेवटची आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हतं. माझं वय बाविशीचं. माझं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं, म्हणून हिसाब आणि उर्दूची किताब शिकवायला मला नेमलं होतं. मुसलमान मुलांच्या मदरशात मी एकटा हिंदू. पोरं मला पंडितजी म्हणायची. आधी थट्टेनं, मग सवयीनं.

अंगणात तीन चिंचा होत्या. पोरं चिंच फोडायची. गर भटारखान्यात जायचा, टरफलं चुलीत आणि चिंचोके माझ्याकडे. चिंचोक्यांवर मी बेरीज-वजाबाकी शिकवायचो, त्यामुळे प्रत्येकाचा खिसा खुळखुळत असायचा. उरलेल्या चिंचोक्यांचं पीठ करून मौलवी साहेब त्याची खळ शिजवायचे आणि फाटक्या किताबांना स्वतः जिल्द घालायचे. त्या खळीचा वास आंबूस, कोमट. अजूनही कुठं पुस्तकाची बांधणी चालू दिसली, की मी दोन पावलं मागे सरकतो.

मौलवी साहेब माझ्या आधी वर्षभर तिथं आले होते. उंच, जरासे वाकलेले, आवाज इतका हळू की पोरांना गप्प बसावंच लागे. आले तेव्हा मदरसा नुसता आवाजावर चालला होता. चाळीस पोरं एका सुरात डोलत घोकायची आणि लांबून ऐकणाऱ्याला वाटायचं, केवढं शिक्षण चाललंय. मौलवी साहेबांनी पहिल्या महिन्यात काहीच केलं नाही. एकेका पोराला जवळ घेऊन त्याला काय येतं ते फक्त ऐकलं. मग वयानुसार बसणारी पोरं उठवून, कोणाला किती येतं त्यानुसार बसवलं. मागं राहिलेल्यांना पुढं आणलं. आणि सांगितलं, की जो शिकवतो त्यानं आपल्याच पोरांची परीक्षा घ्यायची नाही, दुसऱ्यानं घ्यायची. कुराण पाठ करून घेणारे जुने हाफिजजी यावर फार नाराज. ते मला म्हणाले होते, नव्या मौलवीनं मदरशाचा दवाखाना करून टाकला, जो तो एकमेकांची नाडी बघत बसतो.

पण खरी गोष्ट होती ती वही. जुमेरातला, म्हणजे गुरुवारी, दुपारनंतर शिकवणं बंद. सगळे अंगणात चिंचेखाली बसायचे आणि एक जाड वही हातोहात फिरायची. त्यात प्रत्येकानं एक ओळ लिहायची, मला काय येत नाही ती. अमुक शब्दाचा अर्थ नहीं मालूम. अमुक हिशेब नहीं मालूम. लहान पोरांची ओळ मोठी पोरं लिहायची. मास्तरांनीही लिहायचं, खुद्द मौलवी साहेबांनीही. त्यांची एक ओळ मला आठवते. 'मतीन जेवताना माझ्याकडे का बघत नाही, नहीं मालूम.' पुढच्या हप्त्यात ते मतीनच्या शेजारी जेवायला बसले.

सुरुवातीला पोरं हसायची, खोटंच काही तरी लिहायची. एकानं लिहिलं, भटारी मामूच्या आमटीत डाळ कुठं असते, नहीं मालूम. मौलवी साहेबांनी ती ओळ गंभीरपणानं वाचली, उठून भटारखान्यात गेले आणि त्या दिवसापासून आमटी दाट झाली. मग पोरं खरं लिहायला लागली. येत नाही असं म्हटल्यावर मार बसत नाही, उलट कोणी तरी उठून येतं, हे त्यांना कळलं होतं. आज शिक्षणाचा दर्जा सुधारण्यावर मी परिपत्रकं वाचतो, शिबिरांना बसतो, तेव्हा मला ती वही आठवते. तिच्यापेक्षा जास्त काही मी अजून ऐकलेलं नाही.

मी त्या वहीत काय लिहायचो? फारसीचा एखादा शब्द. एखादा जुना माप-तोलाचा हिशेब. ज्याच्यानं आपलं काही जात नाही, असं.

त्या वर्षी चिंच उतरत होती तेव्हा मोहतमिम साहेबांच्या मुआयन्याचं पत्र आलं. मौलवी साहेब खुश झाले. त्यांनी मला बसवून घेतलं आणि वही पुढं ठेवली. ही आपण साहेबांना दाखवू, म्हणाले. पोरांना काय येत नाही ते सगळं यात आहे. हिसाबाला एक सीखा-सिखाया मुदर्रिस, म्हणजे तयार मास्तर, मागून घेऊ, तुमच्यावरचा बोजा हलका होईल. मी वही चाळली. वर्षभरात मी ती अशी सलग कधी बघितली नव्हती. पानामागून पान हिसाब नहीं मालूम, त्रैराशिक नहीं मालूम, उर्दूच्या किताबेचा अर्थ नहीं मालूम. मौलवी साहेबांना त्यात पोरं दिसत होती. मला त्यात मी दिसलो.

मी स्वतःशी म्हणालो, ही वही साहेबांच्या हातात पडली तर मदरशाचं काय होईल? पुढं वीस वर्षं मी हेच म्हणत राहिलो, की मदरशासाठी केलं. आज लिहितो. मदरशासाठी नाही केलं. माझी नोकरी कच्ची होती आणि मी कच्चा मास्तर आहे हे चाळीस पोरांच्या अक्षरात लिहून ठेवलेलं होतं.

त्या काळी मुआयन्याची एक रीत होती. साहेब किताब हातात घ्यायचे आणि म्हणायचे, कुठूनही उघडतो, वाच. मास्तर लोकांनी या रितीवर उपाय काढून ठेवला होता. किताब एका ठरावीक पानावर उघडायची, तळहातानं शिवण दाबायची, वर दगड ठेवायचा. थोड्या वेळात दोरा ढिला पडतो. मग किताब कोणीही, कशीही उघडो, ती त्याच पानावर उघडते. साहेबांना वाटतं आपण उघडली. ते पान पोरांकडून घोटून घेतलेलं असतं. मी विद्यार्थी असताना आमच्या मास्तरांनी हेच केलं होतं, त्यामुळे त्यात पाप आहे असं माझ्या मनातही येत नव्हतं. मौलवी साहेबांना ही रीत ठाऊक होती. म्हणून तर त्यांनी मुआयन्याआधी सगळ्या किताबांना नवी जिल्द घातली, दोरे आवळले. साहेबांनी खरंच कुठूनही उघडावी म्हणून.

जुम्म्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या, नमाजाला सगळे मशिदीत जायचे. लहान-मोठी पोरं, हाफिजजी, भटारी मामूसुद्धा. मदरशात उरायचो मी एकटा. कपाटाच्या किल्ल्या मौलवी साहेब माझ्या हातात देऊन जायचे. पंडितजी, घर संभालो, म्हणायचे. त्या जुम्म्यालाही म्हणाले. ते वळले आणि मी कपाट उघडलं. बावीस किताबा. नव्या जिल्दीची खळ अजून पुरती वाळली नव्हती, बोटांना चिकटत होती. भटारखान्यातला वरवंटा आणला, पाट्याचे दगड आणले. एक पान निवडलं. बागेचं वर्णन होतं, सोपं, कानाला गोड. मशिदीकडून खुतब्याचा, प्रवचनाचा, आवाज येत होता आणि मी एकेक किताब दाबत होतो. जे घर माझ्या एकट्यावर सोडलं होतं, त्या घरात.

पुढचे दहा-बारा दिवस ते पान मी पोरांकडून घोटून घेतलं. सगळ्यात सुंदर म्हणायचा याकूब. बारा-तेरा वर्षांचा, एका पिंजाऱ्याचा मुलगा. आवाज असा, की हाफिजजीही थांबून ऐकायचे. अर्थ त्याला अर्धाच कळायचा, पण विराम बरोबर घ्यायचा.

मुआयना छान झाला. साहेबांनी किताब उघडली आणि बाग उघडली. दुसरी उघडली, पुन्हा बाग. त्यांना जरासं हसू आलं असावं, पण याकूबनं म्हणायला सुरुवात केली आणि साहेबांनी डोळे मिटले. मौलवी साहेबांनी मध्येच वही पुढं केली. साहेबांनी ती बाजूला सारून म्हटलं, मौलवी साहेब, आप तो इन्किसारी करते हैं. म्हणजे तुम्ही विनय दाखवताय. शेऱ्यात लिहिलं, तालीम निहायत उम्दा, म्हणजे शिक्षण अतिशय उत्तम. जास्त मुदर्रिस कशाला? याकूबला हैदराबादच्या एका मोठ्या मदरशात धाडायचं त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं. माझ्याकडे वळून माझं नाव विचारलं. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, हेही लिहायला हवं.

दुसऱ्या दिवशी जुमेरात होती. मी गेलो तेव्हा मौलवी साहेब कपाटापाशी खाली बसले होते. एक किताब त्यांनी मांडीवर सोडली. ती उघडली. दुसरी सोडली. ती उघडली. बाविसाव्या किताबेपर्यंत त्यांनी तसंच केलं. मी दारात उभा होतो आणि त्यांना माहीत होतं मी दारात आहे. मग त्यांनी वही उचलून माझ्याकडे धरली.

"पंडितजी," ते म्हणाले, "तुमची ओळ राहिली."

मी वही घेतली. खूप वेळ धरून उभा राहिलो असं आता वाटतं, पण तसं नसेल, पटकन लिहिलं असेल. एका फारसी क्रियापदाचं भूतकाळाचं रूप नहीं मालूम. त्यांनी ते वाचलं. मान हलवली. आणि ते रूप मला शिकवलं. तिथंच, उभ्या उभ्या, नीट समजावून, दोन उदाहरणं देऊन.

हिंदू म्हणून माझ्यासाठी पाण्याचा एक वेगळा माठ त्यांनी पहिल्या दिवसापासून ठेवला होता. मी मागितला नव्हता. रोज सकाळी तो भरलेला असायचा. त्या गुरुवारीही होता, त्यानंतरच्या प्रत्येक दिवशी होता. मला वाटतं, एखाद्या दिवशी तो कोरडा सापडला असता तर मी बोललो असतो.

याकूबला थांबवायचा त्यांनी प्रयत्न केला. त्याचा बाप बत्तासे वाटत आला होता. मौलवी साहेबांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, एक साल ठहरो, पोरगा अजून कच्चा आहे. बापाचं तोंड उतरलं. साहेब पक्का म्हणतात आणि तुम्ही कच्चा म्हणता? का कच्चा, ते मौलवी साहेबांना सांगता आलं असतं. माझं नाव घ्यायचं होतं फक्त. त्यांनी घेतलं नाही. ते दिवस हिंदू-मुसलमानांत कसे तापलेले होते, ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. मदरशातल्या हिंदू मास्तरानं पोरांना फसवलं, हे वाक्य त्या अंगणात राहिलं नसतं. ते गावभर झालं असतं, आणि मग माझं काय झालं असतं ते मौलवी साहेबांना माझ्याआधी कळलं होतं. हे मला कळायला फार वर्षं लागली. तेव्हा मला वाटलं, सुटलो.

याकूब गेला. मलाही लवकरच नांदेडच्या सरकारी शाळेचा हुकूम आला, मोहतमिम साहेबांची मेहरबानी. निरोपाच्या वेळी मौलवी साहेब वेशीपर्यंत आले. पुढं राज्य बदललं, उलथापालथ झाली, मदरसा बंद पडला. ते हिमायतनगरकडे नात्यातल्या कोणाकडे गेले आणि काही वर्षांत वारले, असं उडत उडत कानावर आलं. नांदेडहून हिमायतनगर किती लांब आहे? मी गेलो नाही.

बदली होऊन लातूरला आलो त्या वर्षी, चिंचेच्याच दिवसांत, आडतीसमोरून जाताना तराजूपाशी बसलेला माणूस ओळखू आला. आवाजावरून. पोती मोजत होता, एकावर एक आकडे सुरात म्हणत होता, विराम बरोबर घेत होता. त्या दिवसापासून मी बोळानं जातो.

यंदा आमच्या शाळेची तपासणी लागली. सूर्यवंशी म्हणून एक तरुण शिक्षक आहेत, होतकरू, कामाला वाघ. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, सर, चौथीतली दहा-बारा पोरं लई कच्ची आहेत, त्या दिवशी त्यांना घरीच राहू देतो. बाकीच्यांचे दोन धडे पक्के करून घेतो. त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. सगळे ज्या रस्त्यानं जातात त्याच रस्त्यानं तेही निघाले होते. मी म्हणालो, सगळी पोरं बसवा, आहेत तशी.

"पण सर, मग शाळेचं काय?"

मदरशाचं काय, असं मीही एकदा स्वतःला विचारलं होतं. शाळा सुटल्यावर मी गंजगोलाईकडे चालायला लागलो.

याकूब आता पस्तिशीचा, केस पिकलेले. मी समोर उभा राहिलो तर गिऱ्हाईक समजून भाव सांगायला लागला. मी नाव सांगितलं. तो उठला, खांद्यावरच्या फडक्यानं पोतं झटकलं, म्हणाला, बसा पंडितजी. चहा मागवला. मुलं किती, बदली कधी झाली, सगळं विचारलं. मी हैदराबादचं विचारलं.

"तीन म्हयने ऱ्हायलो," तो म्हणाला. "पयल्याच दिवशी उस्तादनं किताब उघडली. बाग निघालीच न्हाई. मला वाटलं, ही किताबच येगळी हाय." तो जरासा हसला. "तिथली पोरं मला बागवान म्हणायची. मंग आलो पळून. बाप दोन वर्सं बोलला न्हाई."

मी म्हणालो, आणि मौलवी साहेब?

त्याचं हसू गेलं. त्यांचं नाव नका काढू, म्हणाला. त्यांनीच किताबा दाबल्या. जिल्द तेच घालायचे ना, दुसरं कोण दाबणार? आणि मग भ्याले, म्हणून मला अडवत होते. बापापुढं खरं बोलायची हिंमत झाली नाही. मी हैदराबादहून परत आलो तवा त्यांनी तीनदा निरोप धाडला, याकूब, मदरशात ये, आपण पहिल्यापासून सुरू करू. गेलो न्हाई. मयतीचं कळलं, तवाबी गेलो न्हाई.

मला वाटायचं, माझ्या गुन्ह्याचं माप मला ठाऊक आहे. एका पोराचं शिक्षण गेलं, एका मदरशाला मास्तर मिळाला नाही. हे माप मला ठाऊकच नव्हतं. ज्या माणसानं मला झाकलं, त्याच्या अंगावर माझी चूक वीस वर्षं पडून होती, आणि त्याचा लाडका शागीर्द ती तिथं बघत होता.

"याकूब," मी म्हणालो, "त्या किताबा मी दाबल्या. जुम्म्याच्या नमाजाच्या वेळी. त्यांनी मला किल्ल्या दिल्या होत्या."

आडतीवर माणसं होती, हमाल ओरडत होते. चहा निवला. त्यानं पारड्यातली चिंच दोन्ही हातांनी उपसून पोत्यात टाकली, पुन्हा काढून पारड्यात टाकली. शिवी दिली असती तर मला चाललं असतं. मग माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं,

"मौलवी साबची कबर कुठं हाय?"

मी आठवायला लागलो. हिमायतनगरकडे गेले एवढं ऐकलं होतं. गावात की जवळच्या खेड्यात, कोणाच्या घरी, कोणत्या कबरस्तानात, त्यातलं काहीच ऐकलं नव्हतं. ऐकायला गेलोच नव्हतो.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

मदरशात दीड वर्षात मी त्या वहीत साठ-सत्तर ओळी लिहिल्या असतील. त्यातली एकही अशी नव्हती.

याकूबनं मान हलवली. मौलवी साहेब हलवायचे तशीच, हळू. "मंग इचारत जावं लागंल," तो म्हणाला. माझ्याबरोबर की एकटा, ते बोलला नाही, आणि मी विचारलं नाही. रविवारी सकाळी मी स्टँडवर नांदेडच्या पहिल्या गाडीपाशी उभा राहणार आहे.